कासवाचा सूर्य

दिवाळीच्या खरेदीची यादी लिहिण्याचं काम आमच्या घरी माझ्याकडे आहे. अक्षर बरं, एवढ्याच गुणावर ते मला मिळालं. सौभाग्यवती सांगत जातात आणि मी लिहीत जातो : पोहे, डाळं, खोबरं, पणत्या दोन डझन, वाती, उटणं. 2024 च्या दिवाळीत ही यादी पुरी होत आली तेव्हा मी खाली आपल्या मनानं एक ओळ जोडली : ‘पंतांचा सूर्य – एक.’ यादी घेऊन चिरंजीव खामगावच्या बाजारात गेले. विजेच्या सामानाच्या दुकानदारानं ती ओळ दोनदा वाचली म्हणे, आणि विचारलं, “काय रे, सरांची नवी कादंबरी निघाली काय?”

कादंबरी नव्हे. पंत हे आमच्या घरातलं कासव, आणि सूर्य म्हणजे साठ वॅटचा जुना, तारेचा, पिवळा दिवा. तो आता सहजासहजी मिळत नाही. दुकानदारानं माळ्यावर चढून धुळीतून दोन दिवे शोधून काढले, फुंकर मारून चिरंजीवांच्या हाती दिले आणि विचारलं, “बापा, कासवाची बी दिवाळी असते काय?” चिरंजीवांनी त्याला दुकानातच कासवाच्या दिनचर्येवर व्याख्यान दिलं. ते त्यानं ऐकून घेतलं, यावरून खामगावचे दुकानदार किती सहनशील आहेत ते कळावं.

ते व्याख्यान माझंच होतं. चिरंजीवांनी फक्त पाठ केलं होतं. आणि मला तरी ते कुठून यावं? मी मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. विज्ञानाशी माझा संबंध म्हणजे विज्ञानाच्या सरांना फळ्यावर बेडकाची आकृती काढून देणं. रात्री कादंबऱ्या लिहितो. चार छापून झाल्या, त्यांपैकी दोन वाचल्याही गेल्या. असा माणूस एका कासवापायी उजेड आणि अंधार यांचा हिशेब मांडत बसेल, असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.

पंत घरी आले ते 2024 च्या उन्हाळ्यात. सुट्टीत अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो. परतताना चिरंजीव रंगीत माशांच्या एका दुकानापुढं उभे राहिले ते हलेचनात. काचेच्या वाडग्यात बिस्किटाएवढं हिरवं कासव पोहत होतं. डोळ्यांमागं दोन्हीकडे तांबडी रेघ, जणू कुणी कुंचल्यानं ओढलेली. मी आधी घाबरलो. आपल्या नद्यातळ्यांतली कासवं आणि पाठीवर चांदण्या असलेलं ते देखणं कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, एवढं मला ठाऊक होतं. दुकानदार म्हणाला, “हे इथलं नाही, सर. अमेरिकेतलं आहे.” ते खरं होतं. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली ही जात जगभर अशीच वाडग्यांतून पोचली आहे. पुढं तो म्हणाला, “काही लागत नाही याला. दोन दाणे टाकायचे, पाणी बदलायचं.” ते मात्र खरं नव्हतं. हे बिस्कीट वाढून जेवणाच्या ताटलीएवढं होतं आणि पंचवीस-तीस वर्षं जगतं, हेही त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मूल हट्टाला पेटलेलं असताना बाप कुठला प्रश्न विचारतो?

नाव मी ठेवलं. मान बाहेर काढून, डोळे अर्धे मिटून तो प्राणी असा काही बघे, की पूर्वीच्या कचेरीतल्या एखाद्या वयस्क कारकुनाची आठवण व्हावी. म्हणून पंत. देवळात शिरताना गाभाऱ्यापुढच्या ज्या दगडी कासवाला आपण हात लावतो, गीतेनं स्थितप्रज्ञाला ज्याची उपमा दिली, त्याच्या वंशजाला एवढा मान द्यायलाच हवा, असं माझं मत पडलं.

पंतांची काचेची पेटी माझ्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. खोली आतली, पण टेबलाशी खिडकी होती, तिला काच. शिवाय वर ट्यूबलाइट आणि टेबलावर माझा वाचनाचा दिवा. मी रात्री एक-दीडपर्यंत लिहीत बसे आणि पंत मला सोबत करीत. कधी मान उंचावून माझ्या लेखणीकडे पाहत. एका समीक्षकापेक्षा त्यांचा चेहरा मला पुष्कळ सहानुभूतीचा वाटे.

दसरा आला आणि पंतांनी जेवण सोडलं. डोळे सुजल्यासारखे झाले. पोहताना एका अंगाला कलू लागले. चिरंजीवांनी पाठीवर बोट ठेवलं आणि ओरडले, “बाबा, ही दबते!” मीही पाहिलं. ढालीसारखी कठीण असायची ती पाठ कडेला ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकत होती.

चपलांच्या खोक्यात घालून आम्ही त्यांना गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर दोन म्हशी, एक कालवड, काही शेळ्या अशी रांग होती. तीत आमचं खोकं. लोक डोकावून पाहत आणि हसत. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पंतांना तळहातावर उलटं-सुलटं करून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “ऊन मिळतं का याला?”

“खिडकीशी असतो,” मी म्हणालो.

“खिडकीला काच आहे?”

“आहे.”

“मग मिळत नाही. हा मुडदूस आहे, सर. वासराला होतो, माणसाच्या पोराला होतो, तसाच यालाही झालाय.”

मुडदूस हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकला होता. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा झालेली पोरं तेव्हा गावात दिसत. तोच रोग माझ्या टेबलावर, दोन दिव्यांच्या लखलखाटात, माझ्या डोळ्यांदेखत वाढला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या सरांना गाठलं. त्यांनी डबा बाजूला सारला आणि टेबलावर खडूनं रेघा मारून मला समजावलं. उन्हात नुसता उजेड नसतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण असतात. त्यांतल्या एका पट्ट्यातले किरण कातडीवर पडले की तिथं ड जीवनसत्त्वाची घडण सुरू होते, आणि अंगाच्या उबेनं ती पुरी होते. ते नसेल तर खाल्लेला चुना हाडांपर्यंत पोचत नाही. उजेड काचेतून खुशाल आत येतो. हे किरण मात्र काच जवळजवळ सगळे बाहेरच अडवते. ट्यूबमध्ये आणि हल्लीच्या पांढऱ्या दिव्यांत ते नसल्यासारखेच. “म्हणजे तुमच्या पंतांना उन्हाचं चित्र दाखवलंत तुम्ही,” सर म्हणाले, “ऊन दिलं नाहीत.”

चित्रकलेच्या मास्तराला हे फारच लागलं. त्यात सरांनी आणखी सांगितलं, की या कासवाला जांभळ्यापलीकडचा रंग डोळ्यांनी दिसतोही. म्हणजे माझ्या रंगपेटीत नाही असा एक रंग पंतांच्या ओळखीचा होता.

मग आम्ही पंतांचा संसार नव्यानं मांडला. पूर्णेच्या काठचा एक चपटा दगड पेटीत असा ठेवला, की अर्धा पाण्यात आणि अर्धा कोरडा. त्या कोरड्या भागावर साठ वॅटचा पिवळा दिवा टांगला. कासव, सरडे, साप यांच्या रक्तात आपल्यासारखी शेगडी नसते. ऊब बाहेरून घ्यावी लागते, आणि ती घेतल्याखेरीज अन्नही नीट पचत नाही. दगडावर बत्तीस ते पस्तीस अंश हवेत, आणि पेटीचं दुसरं टोक थंड हवं, म्हणजे ज्याला जे हवं ते त्यानं चालत जाऊन घ्यावं. बाजूला त्या अदृश्य किरणांची नळी लावली. ती मुंबईहून टपालानं मागवली. ती दगडापासून एक फुटावर, मधे काच नाही, बारीक जाळीही नाही. या नळीची एक गंमत आहे : सहा महिने, वर्ष झालं की तिच्यातले ते किरण ओसरतात, पण ती दिसायला पहिल्यासारखीच उजळ राहते. म्हणून तिच्यावर तारीख लिहून ठेवावी लागते. काही थोर माणसांचंही असंच असतं; असो.

चुन्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणला. त्याचा तुकडा पाण्यात टाकला की पंत आपले कुरतडत बसतात. आणि हवा चांगली असेल त्या दिवशी अंगणात उथळ घमेल्यात खरं ऊन. अर्ध्या घमेल्यावर फळी टाकून सावली, आणि कावळ्या-मांजरांवर पहारा म्हणून चिरंजीव. काचेची पेटी उन्हात ठेवायची नाही. आपल्याकडच्या उन्हात ती घटकाभरात भट्टी होते. कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, हा नियम सौभाग्यवतींचा. तो डॉक्टरांनीही उचलून धरला.

ऊन कोणत्या वेळचं, याचीही खूण सरांनी सांगितली, आणि ती माझ्या धंद्यातली निघाली. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ते किरण उन्हात पुरेसे असतात. सावली लांब असेल तेव्हा कमी. मेच्या उत्तरार्धात आमच्या बुलढाणा जिल्ह्यावर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायांखाली नाहीशी होते. डिसेंबरात भर दुपारीही ती जवळजवळ माणसाएवढीच राहते. वीस वर्षं मी मुलांना सावल्या काढायला शिकवतो आहे. सावली हे औषधाचं मापही आहे, हे मला पंतांनी शिकवलं.

दिवसाची सोय झाली. रात्रीची राहिली होती, आणि ती अवघड, कारण तिच्या आड मी होतो.

“रात्री सगळे दिवे बंद,” डॉक्टरांनी बजावलं होतं. “दिवस बारा तासांचा. पुढं पूर्ण अंधार.” मी विचारलं, मंद दिवा चालेल का? ते म्हणाले, तुम्हाला झोपेत कुणी डोळ्यांवर मंद दिवा धरला तर चालेल का? पुढं सरांकडून कळलं, की मेंदूत खोलवर एक वाटाण्याहून लहान ग्रंथी असते. अंधार पडला की ती रात्र झाल्याचा निरोप अंगभर धाडते. कुंपणावरच्या आपल्या सरड्याला तर डोक्याच्या मध्यावर, खवल्याखाली, एक तिसरा डोळा असतो. त्यानं चित्र दिसत नाही, उजेड आहे की नाही एवढंच कळतं. कासवाला तसा डोळा नाही, पण ती ग्रंथी आहे. ती तुम्हाआम्हालाही आहे. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते शोधणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आणि मी त्या घड्याळावर रोज रात्री दीडपर्यंत दिवा धरून बसलो होतो.

चिरंजीवांनी दिव्यांना एक घड्याळी बटन बसवलं. सकाळी सातला खट्ट करून सूर्य उगवतो, संध्याकाळी सातला खट्ट करून मावळतो. त्यातही एक घोटाळा झाला. ते घड्याळ विजेवरच चालणारं. एका दिवशी चार तास वीज गेली, तसे घड्याळाचे काटेही चार तास झोपले. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात सूर्य सकाळी अकराला उगवला. माझ्या वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला ही गोष्ट सांगितली, तर तो हसला नाही. म्हणाला, “सर, आमच्या पंपाले तर रातचीच लाइट येते. बाबा रातभर पाणी देतात अन् दिवसा डुलक्या घेतात.” मी गप्प झालो.

मी पेटी माझ्या टेबलावरून हलवून ओसरीवर नेली आणि रात्रीचं लिहिणं सोडलं. आता पहाटे पाचला उठून लिहितो. कादंबरी त्यानं सुधारली की नाही हे सांगता येत नाही; सौभाग्यवतींचं मत घराची प्रकृती सुधारली असं आहे. तीन-चार महिन्यांत पंतांची पाठ कडेपर्यंत कठीण झाली. थोडी वाकडी राहिली, ती राहीलच. एक बाजू जरा खोलगट आहे. ती दिसली की मला माझा टेबलावरचा दिवा आठवतो.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच सपाट छत, आणि त्या छताला मधल्या खोलीवर एक साणं. नव्या वाचकांसाठी सांगतो, साणं म्हणजे छतातलं उजेडासाठी ठेवलेलं भोक. पाऊस आला की वर फरशी ओढायची. त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडे आणि दिवसभर खोलीभर हिंडे. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवरच्या फळीवर, मग उतरंडीवर, मग जात्यापाशी, आणि दिवस कलला की पूर्वेच्या भिंतीवर चढून नाहीसा होई. आमच्याकडे घड्याळ नव्हतं. आईला लागतही नसे. कवडसा जात्याच्या खुंट्याला लागला की ती म्हणे, “बारा वाजले, पोरं येतीन आता.” आणि आम्ही शाळेतून येतच असू. लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात मे महिन्यात काही दिवस सूर्याचा किरण थेट देवापर्यंत पोचतो, तो पाहायला माणसं लांबून जातात. आमच्या आईला तो सोहळा रोज घरबसल्या होता.

2012 साली मी ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. गळती गेली, उंदीर गेले, साणंही गेलं. आईला मधली खोली दिली. थंडीवाऱ्याची नको, रस्त्याच्या गोंगाटाची नको, म्हणून. तिला खिडकी नाही. म्हणून दिवसा ट्यूब लावायची. 2023 च्या पावसाळ्यात आई रात्री उठताना पडली, खुबा मोडला. तेव्हापासून पुन्हा पडू नये म्हणून रात्रीही ट्यूब चालू ठेवायची. म्हणजे त्या खोलीत चोवीस तास एकच उजेड, आणि ऊन कधीच नाही. हे सगळं प्रेमानं केलेलं होतं. पंतांनाही मी प्रेमानंच टेबलावर ठेवलं होतं.

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. ती वेळ चुकू लागली. रात्री दोनला चहा मागे. दुपारी जेवण झाल्यावर हाक मारून विचारी, “काऊन रे बाबू, दिवस बुडाला काय?” आम्ही म्हणायचो, वय झालं. खुबा मोडला तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून ड जीवनसत्त्व फार कमी आहे असं लिहून दिलं होतं. तो कागद मी औषधांच्या पिशवीत नीट घडी करून ठेवला होता. गोळ्याही आणल्या होत्या. महिन्याभरानं संपल्या, पुन्हा आणायच्या राहिल्या. त्या कागदावरची अक्षरं आणि सरांनी टेबलावर खडूनं लिहिलेली अक्षरं एकच आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ते आईनंच आणून दिलं. दिवाळीच्या आदल्या दिवसांत चिरंजीव ते घड्याळी बटन तिच्या खाटेशी बसून जुळवत होते आणि आजीला समजावत होते : आता सातला पंतांची सकाळ होईल, सातला रात्र होईल. मी दारात उभा होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “त्या कासवाची रात करून देतं तू घडी लावून. माही बी करून दे न, बाबू.”

ती रागावली नव्हती. पाणी मागावं तसं मागितलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि उगीचच माठाचं झाकण काढून पुन्हा ठेवलं.

त्याच दिवशी आम्ही तिची खाट ओसरीवर आणली. आमची ओसरी दक्षिणेला उघडी आहे. हिवाळ्यात तिथं दिवसभर ऊन असतं. पंतांची पेटी आधीच तिथं होती. म्हणजे आई पंतांच्या शेजारी राहायला गेली. डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दुपारी अर्धा तास हातपाय उन्हात, डोक्यावर पदर. रात्री सगळे दिवे बंद. पडू नये म्हणून खाटेच्या पायाशी, जमिनीलगत, एक मिणमिणता दिवा, आणि हाताशी काठी. पहिल्या रात्री मी तीनदा उठून पाहिलं. तिसऱ्यांदा ती अंधारातून म्हणाली, “झोप न बाबू. रात आहे.”

आता सगळं ठीक झालं असं लिहिलं तर कादंबरी होईल. ठीक सगळं झालेलं नाही. चहा ती क्वचित अवेळी मागते अजून. नावं विसरते, माझ्या धाकट्या बहिणीला मावशीच्या नावानं हाक मारते. पण रात्री बहुतेक झोपते, आणि संध्याकाळी सातला पेटीतला दिवा खट्ट करून विझला की म्हणते, “झाला पंताचा दिवस.” मग उशी सारखी करते.

यंदाच्या दिवाळीची यादी परवा लिहिली. पणत्या दोन डझनच, पण आकाशकंदील कुठं टांगायचा यावर घरात वाद झाला. नेहमीप्रमाणे ओसरीवर लावला तर तो रात्रभर दोघांच्याही डोळ्यांवर येणार. चिरंजीवांचा निकाल असा, की कंदील फाटकाशी लावायचा आणि दहाला विझवायचा. सौभाग्यवतींनी तो मान्य केला. पंतांच्या नळीला वर्ष होत आलं, म्हणून नवी मागवली आहे. तीही यादीत आहे.

हे लिहीत होतो तेव्हा काल रविवार होता. मी ओसरीवर आईच्या खाटेशी बसलो होतो. पंत दगडावर मागचे पाय ताणून पडले होते. आईनं एकदम विचारलं, “दिवस बुडाला काय रे?” मी काही बोललो नाही. छपराच्या पत्र्यात एके ठिकाणी खिळा निघून भोक पडलं आहे. त्यातून एक कवडसा तिच्या चादरीवर पडला होता. मी तिचा हात उचलून त्या कवडशात ठेवला. ती बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिली. हात जरा इकडे केला, जरा तिकडे केला.

“बारा वाजले,” ती म्हणाली.

आत जाऊन मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो खिळा मी अजून बसवलेला नाही.